सरपंचाच्या खुर्चीपर्यंत: गावकारभारातल्या महिला नेतृत्वाची पार्श्वभूमी

नळाला पाणी सकाळी अकराला सुटत असेल, तर शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या घागरीत ते पडत नाही. ती आठ वाजताच रानात गेलेली असते. ग्रामपंचायतीच्या कागदावर मात्र टाकी बांधून झाली, पाइपलाइन पडली, योजना पूर्ण झाली. व्हॉल्व्ह किती वाजता सोडायचा हा विषय सभेपुढे येतो तो पाणी भरणारी बाई सभेत बसते तेव्हा. बायका नेतृत्वात काय आणतात, याचं गावपातळीवरचं उत्तर हे आहे: रोज पाणी, सरपण, रेशन आणि आजारपण सांभाळताना आलेली माहिती. ती माहिती निर्णयाच्या जागी पोचायला आपल्याकडे बरीच वर्षं लागली.

पंचायत राज कसं असावं हे सुचवणाऱ्या १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायतींत दोन स्त्रियांना सामावून घ्यावं असं सुचवलं होतं. महाराष्ट्राच्या १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात कोणी बाई निवडून आली नाही, तर एकदोघींना स्वीकृत करून घ्यायची सोय झाली. स्वीकृत म्हणजे कुणाच्या तरी मर्जीने आलेली, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन नव्हतं. त्या काळातही बारामती तालुक्यातल्या निंबूतमध्ये, १९६० च्या दशकात, सगळ्या बायकांची पंचायत कारभार पाहत होती. पण अशी गावं बोटावर मोजण्याइतकी.

देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने १९७४ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यात गावोगाव कायदेशीर महिला पंचायती स्थापन करण्याची शिफारस होती, पण विधिमंडळातल्या राखीव जागांना बहुमताने नकार होता. वीणा मजुमदार आणि लतिका सरकार यांनी त्यावर भिन्नमत नोंदवलं. पुढच्या आरक्षणाच्या वादाची सगळी बीजं त्या भिन्नमतात सापडतात. कर्नाटकने १९८३ च्या कायद्यात २५ टक्के जागा राखून १९८७ ला निवडणुका घेतल्या, आणि १९८८ च्या राष्ट्रीय महिला आराखड्याने ३० टक्क्यांची शिफारस केली.

महाराष्ट्रात मात्र धक्का खालून आला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. गावोगावच्या शेतकरी बायका मोठ्या संख्येने आल्या. जिल्हा परिषदांच्या सगळ्याच्या सगळ्या जागा बायकांनी लढवायच्या, असा विचार तिथून पुढे आला. जिल्हा परिषदांच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, तेव्हा बायकांनी ग्रामपंचायतीकडे मोर्चा वळवला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण महिला पॅनल निवडून आलं. तेव्हा आरक्षणाचा कायदा नव्हता, हे विशेष. १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या. पंचायतींना घटनेत स्थान देणारं केंद्राचं चौसष्टावं घटनादुरुस्ती विधेयक १९८९ ला राज्यसभेत अडलं होतं. त्याच हेतूची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या २४३ ड या कलमाने सदस्यपदांबरोबर सरपंचपदांतही किमान एक तृतीयांश वाटा दिला. महाराष्ट्राने तो २०११ मध्ये निम्म्यावर नेला. बिहारने हे २००६ लाच केलं होतं.

फरक पडला का? पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानमधला उदयपूर या जिल्ह्यांतल्या २६५ पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतं सरपंचपद राखीव हे आळीपाळीने ठरत असल्यामुळे राखीव आणि खुल्या गावांची तुलना सरळ करता आली. दोन्ही राज्यांत महिला सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्त्यांचं चित्र वेगळं निघालं: बंगालमध्ये जास्त, राजस्थानात कमी. बायकांच्या तक्रारी जिथे जशा होत्या, तसा पैसा वळला. ‘बायका स्वभावानेच अमुक करतात’ या म्हणण्यापेक्षा मला ही नोंद फार मोलाची वाटते.

आता अडतं कुठे ते पाहू. पहिली जागा म्हणजे इतिवृत्ताची वही. मासिक सभा होते, ग्रामसेवक (२०२४ पासून पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’) ठराव नंतर लिहितो आणि वही सहीसाठी घरी पाठवतो. नव्या सरपंचबाईने शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा असताना सही केली, तर त्या जागेत पुढे काय उतरेल याची खात्री नसते. म्हणून ठराव सभेतच लिहून, वाचून घ्यायचा, उरलेली जागा आडवी रेघ मारून बंद करायची आणि मग सही. दुसरी जागा चेकबुक. ग्रामनिधीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागतात, म्हणून कोऱ्या चेकवर सही मागितली जाते. चेकसोबत बिल, मोजमाप पुस्तिका आणि ठराव क्रमांक मागायची सवय पहिल्या महिन्यात लागली नाही, तर नंतर लावणं कठीण. नमुना पाच, म्हणजे रोकडवही, दर महिन्याला बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहावी. या दोन जागा सुटल्या की ‘सरपंचपती’ कारभार ताब्यात घेतो. त्याला बाई अशिक्षित असावी लागत नाही, तिला कागद दाखवला नाही की पुरतं.

कायद्याने काही आधारही दिले आहेत. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे झालेले ठराव ग्रामसभेत वाचून घ्यायला लावले पाहिजेत, नाहीतर ते वहीतच राहतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. दारूबंदीसाठी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान मागता येतं (उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद). त्यात ठोकर लागते ती एका नियमाला: आडव्या बाटलीला या मतदानाचा हक्क असलेल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, नुसत्या आलेल्यांच्या नव्हे. मजुरीला बाहेरगावी गेलेली प्रत्येक बाई म्हणजे उभ्या बाटलीला आपोआप पडलेलं मत. म्हणून अर्जाआधी यादी घेऊन घरोघर जाणं हेच खरं काम असतं.

खुर्चीवरून खाली ओढण्याचे प्रकारही ठरलेले. राखीव पदावरच्या महिला सरपंचावरचा अविश्वास ठराव दोन तृतीयांशऐवजी तीन चतुर्थांश बहुमताने व्हावा, अशी दुरुस्ती त्यासाठीच करावी लागली. ते जमलं नाही तर सरकारी जागेवर अतिक्रमण, दोनपेक्षा जास्त अपत्यं, घरी शौचालय नसणं अशा कारणांनी अपात्रतेचे अर्ज येतात. मुलं किती व्हावीत हा निर्णय क्वचितच तिचा एकटीचा असतो, पण पद तिचं जातं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहिल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवलं गेलं. त्यांचं पद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत दिलं. निवडून आलेली बाई आपले निर्णय घेणार हे गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

राहिला प्रश्न राखीव जागांच्या आळीपाळीचा. पाच वर्षांत बाई रोकडवही वाचायला शिकते, तालुक्याला बीडीओंना, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना, ओळखू लागते, आणि पुढच्या सोडतीत सीट खुली होते. ‘आता तुमची सीट नाही’ असं गाव म्हणतं, आणि बऱ्याचजणींना ते खरंच वाटतं. खुली जागा पुरुषांची, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. तिथे अर्ज भरायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. बंगालमधल्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की ज्या गावांत राखीव जागेवर दोनदा महिला प्रधान (तिथलं सरपंचपद) येऊन गेली, तिथे बिनराखीव जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. एकदा आल्याने मात्र तेवढा फरक पडला नव्हता.