व्होल्ट पूर्ण, तरी विंच ढिम्म

पावसाळा लागला की फोर बाय फोरवाल्यांच्या, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या शौकिनांच्या गप्पांत एक तक्रार हमखास येते. गाडी चिखलात रुतली, विंचचं (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढून काढणाऱ्या विजेच्या यंत्राचं) बटण दाबलं, 'टक' असा आवाज झाला, पण ड्रम काही फिरला नाही. मग कुणीतरी मल्टिमीटर काढतो. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जाड स्विचच्या बोल्टवर प्रोब टेकवला की 12.6 व्होल्ट दिसतात. लगेच निदान ठरतं, 'सप्लाय पूर्ण येतोय, म्हणजे मोटर जळली.' नवी मोटर येते, बसते आणि पुन्हा तेच 'टक'. पैसेही जातात आणि पावसाळाही. दोष मीटरचा नसतो. करंट वाहत नसताना घेतलेल्या मापावर विश्वास ठेवला, तिथे गाडी अडते.

शाळेतला ओहमचा नियम आठवा. तारेच्या किंवा जोडाच्या दोन टोकांमध्ये जितके व्होल्ट 'गळतात', ते म्हणजे करंट गुणिले रोध. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे मापताना त्यातून अँपिअरचा दहा लाखावा भागच वाहतो. एवढ्याशा करंटला गंजलेला जोड काय अडवणार? म्हणून बटण न दाबता मापलं, तर कुजलेल्या केबलच्या पलीकडेही 12.6 व्होल्टच दिसतात.

आता विंच ओढायला लागू द्या. साडेनऊ हजार पौंड, म्हणजे सुमारे 4300 किलो ओढणारी 12 व्होल्टची विंच दोर मोकळा असताना साधारण 70 अँपिअर घेते आणि पूर्ण ताणावर 400 च्या आसपास. वाटेतल्या एका जोडाचा रोध फक्त 0.01 ओहम धरा. 400 अँपिअरला तिथे 4 व्होल्ट गळतात. मोटरला उरतात आठ, आणि ताणाखाली बॅटरी स्वतः खचते ते धरलं तर त्याहून कमी. शिवाय 4 गुणिले 400, म्हणजे 1600 वॉट उष्णता त्या एका नटाखाली तयार होते. चहाच्या विजेच्या किटलीएवढी. विंच चालवल्यावर कुठला बोल्ट हाताला चटका देतो, हे पाहणंसुद्धा निदानच आहे.

हा 0.01 ओहम मीटरच्या ओहम-मापावर मात्र सापडत नाही, कारण प्रोबच्या वायरींचाच रोध त्याच्या दसपट असतो. म्हणून विंच चालू ठेवून व्होल्टच मापायचे, पण जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे. हुक गाडीपासून मोकळा करा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. एकाने रिमोट धरून दोर थोडा बाहेर सोडायचा, दुसऱ्याने मापायचं. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीच्या शिशावर (क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्प आणि खुंटीमधला जोडही तपासायचाय), दुसरा कॉन्टॅक्टरच्या आवक बोल्टवर. मग कॉन्टॅक्टरच्या आवक बोल्टवरून जावक बोल्टवर. शेवटी मोटरच्या अर्थच्या बोल्टवरून बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. मोकळ्या दोराच्या 70 अँपिअरला निरोगी टप्प्यावर एक-दोन दशांश व्होल्टच दिसायला हवेत. जिथे 0.7 दिसले, तिथे तो 0.01 ओहम लपलाय. अर्थच्या बाजूला लोक सहसा बघतच नाहीत. ती केबल चॅसीला न जोडता थेट बॅटरीपर्यंत नेलेली बरी.

विंच एकाच दिशेने चालत असेल तर काम आणखी सोपं. बॅटरी, मुख्य केबल आणि अर्थ दोन्ही दिशांना सामाईक असतात, त्यामुळे संशय रिमोटवर आणि कॉन्टॅक्टरवर येतो.

कॉन्टॅक्टरमध्ये जे घडतं, ते मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. 'टक' आवाज त्यातल्या कॉइलचा. तिला दोन-चार अँपिअर पुरतात. ती एक तांब्याची चकती ओढून दोन जाड बोल्टांवर टेकवते आणि मोटरचा सगळा करंट त्या चकतीतून जातो. पण टेकते म्हणजे किती टेकते? डोळ्यांना सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्याच असतात. खरा स्पर्श काही मोजक्या शिखरांवर होतो आणि शेकडो अँपिअर त्या अरुंद ठिपक्यांतून घुसतात. रॅग्नर होल्म या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने या ठिपक्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. ठिपक्याचं तापमान त्याच्या आकारावर फारसं अवलंबून नसतं. ते ठरतं त्याच्यावर गळणाऱ्या व्होल्टवरून. धातूत वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. 1853 साली वीडमान आणि फ्रान्झ यांना धातूंच्या या दोन वाहकतांचं गुणोत्तर जवळपास सारखं आढळलं होतं, त्यातूनच हे निघतं. तांब्याच्या ठिपक्यावर सुमारे 0.12 व्होल्ट गळले की तो मऊ पडतो आणि 0.43 व्होल्टला वितळतो. चकती दोन ठिकाणी टेकते, म्हणून कॉन्टॅक्टरवर अर्धा व्होल्ट दिसला तर प्रत्येक बाजूला साधारण पाव व्होल्ट आला. तांबं अजून वितळलेलं नाही, पण मऊ पडायला लागलंय.

बॅटरी खचली की हेच अंगावर उलटतं. कॉइलची ओढ सैल होते, चकती नीट दाबली जात नाही, स्पर्शाचे ठिपके घटतात. अडलेली मोटर फिरत नसल्यामुळे फिरताना ती स्वतः तयार करते तो, करंटला रोखणारा विरोधी व्होल्टेज उरत नाही आणि करंट मात्र जास्तच राहतो. ठिपके वितळतात, चकती बोल्टांना वेल्ड होते. मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते, आणि समोर कुणी दोर हातात धरून उभा असू शकतो. बॅटरीजवळ हाताने तोडता येणारा आयसोलेटर स्विच मी त्यासाठीच सक्तीचा मानतो.

बॅटरीला 'जीवदान' देणाऱ्या पुड्या आणि द्रव अजून विकले जातात. 1950 च्या दशकात अमेरिकेत एडी-एक्स2 नावाची अशीच पूड खूप गाजली. सरकारी मानक संस्थेने ती निरुपयोगी ठरवली, तर 1953 साली संस्थेचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांनाच राजीनामा द्यायला भाग पाडलं गेलं. शास्त्रज्ञ खवळले, अ‍ॅस्टिन यांना परत आणावं लागलं आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही संस्थेचीच बाजू योग्य ठरवली. गंजलेल्या थिंबलचा (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या, बोल्टवर अडकवायच्या धातूच्या टोपीचा) दोष बॅटरीवर ढकलून तिला पूड पाजणं म्हणजे पायाच्या दुखण्याला डोळ्यात थेंब.

2014 साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या भर पावसातल्या स्पर्धेत विंचवाचून पान हलत नाही, आणि किनाऱ्याची खारी हवा केबलींच्या मुळावर येते. वरून थिंबल चकचकीत असतं. त्याची काळी स्लीव्ह ब्लेडने चिरली की आत तांब्याच्या तारांवर हिरवट भुकटी दिसते आणि चिमटीत धरून वाकवलं की बाहेरच्या तारा काडीसारख्या तुटतात. असा भाग घासत बसू नका. बॅटरी आधी सोडा, चांगलं लाल तांबं लागेपर्यंत केबल कापा, नवं थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून बसवा, गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा आणि तोच टप्पा विंच चालवून पुन्हा मापा.