ऑनलाइन व्हिडिओंतून शिकण्याची प्रेरणा (नागपूर)

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर, बहुधा मोबाईलवर, अध्यापनाचे व्हिडिओ पाहून विषय शिकायला प्रवृत्त करणारी कारणे. नागपुरात ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या (स्था. 1923) हिवाळी व उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की ठळकपणे दिसतात.

पहिले कारण अर्थातच पेपर. गोंदियाहून येऊन हिंगणा रोडला खोली करून राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी घ्या. ‘एम-थ्री’ (गणिताचा तिसरा पेपर) तोंडावर आला की तो अख्खे युनिट एका दमात उरकणारा ‘वन शॉट’ व्हिडिओ लावतो. सोपा भाग दीडपट वेगाने पळवतो. लाप्लास रूपांतराचे गणित आले की व्हिडिओ थांबवून वहीत स्वतः सोडवतो आणि अडले की दहा सेकंद मागे जातो. बसला तो पास होण्यासाठी; पण गणित सुटू लागले की पुढचा व्हिडिओ तो आपणहून लावतो. भरल्या वर्गात ‘सर, पुन्हा एकदा सांगा’ म्हणताना वाटणारा संकोच इथे नसतो, आणि ही मोकळीक गुणांइतकीच मोलाची आहे.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार आतून येणारी प्रेरणा स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या तीन गरजांवर पोसते. पहिल्या दोन व्हिडिओ चांगल्या भागवतो. आपलेपणात तो उणा पडतो, कारण शिकवणाऱ्याला समोरचा चेहरा दिसत नाही. ती उणीव व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि अभ्यासिकेतले सोबती थोडीफार भरून काढतात.

भाषेचा वाटाही मोठा. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदी इथे रोज कानावर पडते. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी तासात निसटलेला मुद्दा हिंदी व्हिडिओत सापडतो. पदवीच्या विषयांवर तितकेच सकस मराठी व्हिडिओ मिळायला हवेत. ते फार थोडे आहेत.

श्रेयांक (क्रेडिट) हे आणखी एक निमित्त. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांचा ऑनलाइन व्याख्यानांचा एनपीटीईएल प्रकल्प 2003 मध्ये आणि केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ‘स्वयम्’ 2017 मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी ‘स्वयम्’वरून सत्राचे 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा महाविद्यालयांना दिली. प्रमाणपत्राच्या ओढीने नाव नोंदवले जाते. नेटाने पाहणे मात्र दर आठवड्याच्या असाइनमेंटमुळे घडते.

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील 69 लाख पाहणी-सत्रांच्या 2014 मधील अभ्यासात लोक व्हिडिओत साधारण सहा मिनिटेच रमतात, असे आढळले. परीक्षेच्या आदल्या रात्री महाविद्यालयीन विद्यार्थी काही तासांचा व्हिडिओ पाहतात, पण सलग नव्हे. हवा तो प्रश्न शोधत, तुकड्या-तुकड्यांनी. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, म्हणून जाणते विद्यार्थी लगेच मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायला घेतात.