सॅलिसबरी आणि वेल्सचं घड्याळ: सगळ्यात जुनं नक्की कोणतं?

इंग्लंडमधलं सगळ्यात जुनं घड्याळ म्हणून जे फोटो फिरतात ना, त्यात निम्म्या वेळा नाव सॅलिसबरी या शहराच्या घड्याळाचं आणि फोटो वेल्सच्या घड्याळाचा असतो. निळी सोनेरी तबकडी, वर गोल गोल फिरणारे घोडेस्वार, असं दिसलं की ते वेल्सचं समजायचं (वेल्स देश नाही हं, सॉमरसेटमधलं छोटंसं शहर). सॅलिसबरीच्या घड्याळाला मुळात तबकडीच नाही! काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसता लोखंडी सांगाडा. लांबून बघितलं तर जुनी खाट उभी करून ठेवलीय असं वाटेल.

घोळ होतो त्याला कारण आहे म्हणा. दोन्ही कॅथेड्रलमधली (म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चमधली), दोन्ही चौदाव्या शतकाच्या शेवटची, आणि दोन्हीकडे बिशप एकच, राल्फ अर्गम, जो 1388 मध्ये सॅलिसबरीहून वेल्सला गेला. सॅलिसबरीच्या एका 1386 च्या दस्तऐवजात घड्याळ सांभाळणाऱ्या माणसाच्या घराचा उल्लेख आहे, म्हणून ते साल धरतात, आणि वेल्सच्या हिशोबात अशाच माणसाचा पगार 1392 च्या सुमारास दिसतो. म्हणजे दोन्हीकडे तारीख कळते ती माणसाच्या सोयीवरून, यंत्रावर कुठे साल कोरलेलं नाहीये. त्यामुळे सॅलिसबरीत आज जे यंत्र उभं आहे ते खरंच 1386 चंच का, यावर घड्याळांचे अभ्यासक भरपूर भांडलेत.

सॅलिसबरीचं काम एकच, तासाला ठोके द्यायचे. तेव्हा ते आवारातल्या वेगळ्या घंटाघरात होतं, लोकांना वेळ ऐकू आली की झालं, बघायची कुणाला पडलीय. दोरांना वजनं लटकवलेली, ती हळूहळू खाली येणार आणि चाकं फिरणार, एक चाकांची माळ वेळेसाठी आणि दुसरी ठोक्यांसाठी. वेग आवरायला वर एक आडवी दांडी असते, फोलिओट म्हणतात तिला, दोन्ही टोकांना छोटी वजनं, ती इकडून तिकडे हेलकावत राहते. अशा घड्याळात दिवसाला पाव तासाचा फरक पडला तरी नवल नाही, म्हणून लंबक आल्यावर याचीही दांडी काढून लंबक बसवला. अठराव्या शतकाच्या शेवटी घंटाघर पाडलं, घड्याळ कॅथेड्रलच्या मनोऱ्यात गेलं, 1884 ला नवीन घड्याळ आल्यावर हे तिथेच पडून राहिलं आणि थेट 1920 च्या दशकाच्या शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे हे काय आहे! 1956 मध्ये दुरुस्त करताना लंबक काढून परत फोलिओट लावला. म्हणजे "सगळ्यात जुनं चालू घड्याळ" म्हणतो त्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग विसाव्या शतकातला आहे, हे पाटीवर ठळक लिहायला हवं असं माझं मत.

वेल्सचं प्रकरण बरोब्बर उलटं. तिथे तोंड जुनं आहे, पोट नवीन. तबकडी 24 तासांची, तासाला सूर्य, मिनिटांना छोटा तारा, आत चंद्राची तिथी, आणि सगळ्याच्या मधोमध पृथ्वी, कारण कोपर्निकस जन्मायलाच अजून बरीच वर्षं होती. वर दर पाव तासाला घोडेस्वारांची लढाई होते आणि प्रत्येक वेळी तोच एक बिचारा आडवा होतो. बाजूला उंचावर जॅक ब्लँडिफर्स नावाचा बाहुला बसलाय, तो हातोड्याने एक घंटा वाजवतो आणि टाचांनी दोन. पण हे सगळं चालवणारं मूळ यंत्र एकोणिसाव्या शतकात काढून टाकलं, ते आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. वेल्समधल्या आताच्या यंत्राला 2010 पर्यंत माणूस हाताने चावी द्यायचा, आता मोटर आहे.

"जगातलं सगळ्यात जुनं" वगैरे तर सोडूनच द्या, फ्रान्समधलं बोव्हे आणि इटलीतलं किओजा ही दोन शहरंही आपापल्या घड्याळासाठी तो दावा करतात.

आपली मंडळी लंडनहून स्टोनहेंजला जातात तेव्हा सॅलिसबरी जवळच असतं, कॅथेड्रलमध्ये मॅग्ना कार्टा (इंग्लंडच्या राजाची जुनी सनद) बघून बाहेर पडतात, घड्याळाकडे ढुंकून बघत नाहीत. ते उत्तरेकडच्या बाजूला जमिनीवरच ठेवलंय, शोधावं लागत नाही. वेल्सचं जुनं यंत्र बघायचं तर लंडनच्या बाहेर पडायचीही गरज नाही आणि सायन्स म्युझियमला तिकीटही नाही, घोडेस्वारांसाठी मात्र वेल्सलाच जावं लागेल.