ढोलीच्या जागी पेटी

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या बागेत आंब्याच्या खोडाला एक लाकडी पेटी बांधली आहे. यंदा मार्चच्या अखेरीस दयाळाची मादी तिच्यात काड्या आणि मुळ्या नेऊ लागली. नर समोरच्या केबलच्या तारेवर बसून पहाटे पाचपासून गात असायचा. घरटं बांधणं आणि अंडी उबवणं ही दोन्ही कामं मादीची. पिल्लं निघाल्यावर मात्र दोघंही किडे, अळ्या आणि एकदा तर पालीचं बारकं पिल्लू घेऊन आत शिरताना मी पाहिली. मेच्या पहिल्या आठवड्यात चार पिल्लं बाहेर पडली, तीही धड उडता येत नसताना. दोन दिवस माळीकाका आणि मी मांजरं हाकलत होतो.

शेजारच्यांचा प्रश्न एकच होता : रानातल्या पाखराला माणसाच्या हातचं घर चालतं कसं? याचं उत्तर पेटीपेक्षा जुनं आहे.

पोकळीत घरटं करणाऱ्या पक्ष्यांमध्ये स्वतः लाकूड कोरणारे थोडेच. सुतारपक्षी आणि तांबट ते करतात. पोपट, साळुंकी, पिंगळा, दयाळ, वल्गुली (इंग्रजीत टिट), धनेश आणि चिमणी या सगळ्यांना तयार जागा लागते : सुतारपक्ष्याने सोडलेलं भोक, फांदी तुटून कुजलेली ढोली किंवा भिंतीतली भेग. म्हणजे या पक्ष्यांची वीण अन्नाइतकीच जागेवर अवलंबून असते, आणि अशी जागा मिळते ती बहुतेकदा जुन्या किंवा मरणाऱ्या झाडात. मुंबईत नेमकं तेच झाड टिकत नाही. पावसाआधी फांद्या छाटल्या जातात, वठलेली झाडं काढली जातात. हे करावंच लागतं. रस्त्यावर झाड पडून माणूस दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो. पण छाटणीचा जोर एप्रिल-मेमध्ये असतो, आणि ढोलीत पिल्लं असण्याचे महिनेही तेच. करवत चालवण्यापूर्वी ढोलीत एकदा डोकावून बघा, एवढं मी दर वर्षी सांगतो.

झाडं कमी झाली तरी या शहरात पक्ष्यांना बरीच वर्षं जागा मिळत राहिली, ती घरांमुळे. गिरगाव, लालबाग, दादर इथल्या जुन्या चाळी आठवा. सागवानी तुळया, वर कौलं, तुळई भिंतीत शिरते तिथे राहिलेली फट, मीटरच्या पेटीमागची पोकळी. आणि भिंतीवर पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरी! आमच्या आजोळी गिरगावात पणजोबांच्या तसबिरीमागे चिमण्यांचं घरटं असे. पिल्लं उडेपर्यंत आजी पंखा लावू देत नसे. ऐन मेमध्ये आम्ही घामाघूम होऊन पुठ्ठ्याने वारा घ्यायचो, पण बटणाला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. कोकणातून आलेल्या घरांत दसऱ्याला दाराला ‘नवं’, म्हणजे नव्या पिकाची जुडी, बांधायची पद्धत होती. त्यातल्या भाताच्या लोंब्या चिमण्याच टिपून संपवत.

या फटी इतक्या का होत्या, याचं एक कारण कायद्यातही आहे असं मला वाटतं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. त्या भाड्यात इमारत राखणं परवडत नाही म्हणून मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरवली. रहिवाशांच्या डोक्यावर छत गळत राहिलं, जिने खिळखिळे झाले, आणि त्याच पडझडीत चिमणी-साळुंक्यांना घर मिळालं. माणसांचे ते हाल चांगले होते असं मी अजिबात म्हणत नाही. १९९१च्या विकास नियमावलीनंतर उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासाने वेग घेतला आणि चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. गुळगुळीत भिंती, काच, बंद खिडक्या. तिथे उरला तो एसीच्या खालचा कठडा. कठड्यावर कबुतराचं भागतं, चिमणीचं नाही.

पेटीचा उगम मात्र इथला नाही, आणि त्याची सुरुवात मायेतून झालेली नाही. नेदरलँड्समध्ये मध्ययुगापासून घराच्या भिंतींवर मातीची मडकी टांगत. त्यात मैना-चिमण्यांनी घरटी केली की पिल्लं काढून खायची, असा तो हिशेब. पक्ष्यांसाठीच जागा बांधणाऱ्या पहिल्या काही लोकांत इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा चार्ल्स वॉटरटन येतो. १८१३ साली त्याने वाड्याच्या पडक्या वेशीवर गव्हाणी घुबडांसाठी दगडी खोली केली. पुढे त्याने आपल्या इस्टेटीभोवती जवळजवळ तीन मैलांची भिंत घातली आणि आत शिकारीला मज्जाव केला.

आजच्या पेटीचा आराखडा जर्मनीतल्या हान्स फॉन बेर्लेप्श या जहागीरदाराकडून आला. सुतारपक्ष्याची बिळं कापून त्याने आतला आकार अभ्यासला आणि लाकडाच्या ओंडक्यात तोच उतरवला. १९०५ साली शेजारचं हाइनिख जंगल अळ्यांनी ओरबाडलं, तेव्हा दोन हजारांवर पेट्या असलेलं त्याचं झेबाखचं रान हिरवं राहिलं, असं त्या काळच्या वर्णनांत आहे. पेटी जंगलखात्यांना पटली ती अशी, अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांची सोय म्हणून. संशोधकांना ती पटली वेगळ्या कारणाने : झाकण उघडून अंडी मोजता येतात. ऑक्सफर्डजवळच्या वायथम रानात १९४७पासून पेट्यांतल्या वल्गुलींची नोंद अखंड चालू आहे.

आपल्याकडे पेटी उशिरा आली, पण भोकातल्या घरट्याकडे बघणारी नजर मुंबईत आधीच होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ची. पक्षितज्ज्ञ सालिम अली मुंबईतच १८९६मध्ये जन्मले. दहा वर्षांच्या सालिमने १९०६-०७च्या सुमारास एक टिपण केलं. भिंतीतल्या भोकात चिमणीची मादी अंड्यांवर, बाहेर खिळ्यावर नर. त्याने घोडागाडीच्या आडून नर मारला. थोड्याच वेळात मादीला दुसरा नर मिळाला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि दर वेळी नवा हजर झाला. साठेक वर्षांनी ते टिपण छापलं गेलं. त्यातली बंदूक आज खटकते. पण चांगलं भोक हाती असलेल्या मादीच्या दाराशी किती नर टपून असतात, हे मला याहून स्पष्ट कुठे दिसलेलं नाही.

पेटी घरोघरी पोचली ती चिमणीमुळे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन झाला. त्यानंतर शाळा, मंडळं, नगरसेवक, सगळ्यांनी पेट्या वाटल्या. चिमणी संपलीच अशी समजूतही त्याच काळात पसरली. २०२०च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालाने ती दुरुस्त केली. देशभरात चिमण्यांची संख्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे. घट आहे ती सहा महानगरांत, आणि त्यात मुंबई आहे. या घटीवर पेटी हा पुरता इलाज नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पिल्लाला मात्र पहिले दिवस किडेच लागतात. औषध मारलेल्या, फरसबंद आवारात पेटी टांगली तर ती रिकामीच राहणार.

वाटलेल्या पेट्यांपैकी बऱ्याच पुठ्ठ्याच्या किंवा पातळ प्लायच्या असतात. जूनच्या पहिल्या सरींत त्या फुगतात, आणि तोवर आत दुसरी वीण असू शकते. मुंबईसाठी पेटी करायची तर बोटभर जाडीची फळी हवी, छप्पर पुढे चांगलं आलेलं आणि उतरतं हवं, तळाला पाणी निथळायला बारीक भोकं हवीत. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, कारण पाऊस नैऋत्येकडून झोडपतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन पेटीची भट्टी करतं. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटरचं, म्हणजे साळुंकी शिरत नाही. दयाळाला मोठं तोंड लागतं, म्हणून आमच्या पेटीचा पुढचा वरचा भाग अर्धा उघडाच आहे. भोकाखाली दांडी लावू नये. दिसायला छान वाटते, पण कावळ्याला बसून आत चोच घालायला तीच उपयोगी पडते.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर पेटी उतरवून उकळत्या पाण्याने धुतली. मागच्या विणीचं जुनं घरटं आत तसंच होतं : कडुनिंबाच्या काड्या, नारळाचा काथ्या, कुणाच्या तरी केसांचा पुंजका, आणि झाडूचे बारा-पंधरा हीर. जानेवारीत पेटी पुन्हा त्याच फांदीखाली बांधली.