डोमेन कंट्रोलरचा बॅकअप १८० दिवसांत शिळा होतो

चिक्कोडी-हुक्केरीकडे साखर कारखान्यांचं गाळप साधारण मार्चच्या आसपास आटोपतं आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू होतं. मधल्या काळात वजनकाट्याजवळचा सर्व्हर बंद ठेवावासा वाटणं साहजिक आहे. पण तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर असेल, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारा विंडोज सर्व्हर असेल, तर तसं करू नका.

कर्मचाऱ्याचं खातं डिलीट केलं की डिरेक्टरी त्याची 'टूमस्टोन' नोंद ठेवते, म्हणजे बाकीच्या सर्व्हरांना ते खातं गेल्याचं कळतं. ही नोंद सहसा १८० दिवस राहते; विंडोज २००० च्या काळात उभारलेल्या आणि नंतर फक्त अपग्रेड होत आलेल्या डोमेनमध्ये अजूनही ६० दिवस असू शकते. त्याहून जास्त बंद राहिलेल्या सर्व्हरला काय काय डिलीट झालं हे कळायला मार्गच उरत नाही. बाकीचे सर्व्हर त्याच्याशी रेप्लिकेशन (बदलांची आपापसातली देवाणघेवाण) थांबवतात आणि लॉगमध्ये इव्हेंट २०४२ दिसतो. बॅकअपचंही तेच: १८० दिवसांपूर्वीचा बॅकअप रिस्टोअरला निरुपयोगी. म्हणून बॅकअप रोज घ्या, निदान दोन डोमेन कंट्रोलरांचा.

नुसती 'एनटीडीएस.डिट' ही डिरेक्टरीच्या डेटाबेसची फाइल कॉपी करून भागत नाही. विंडोज सर्व्हर बॅकअप हे फीचर बसवून 'सिस्टिम स्टेट' घ्यावी लागते. त्यात डेटाबेस, सिसव्हॉल (डोमेनच्या पॉलिसी आणि स्क्रिप्टचं फोल्डर) आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एकत्र येतात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर जाऊ द्या. एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली हवीच, कारण रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शेअर फोल्डरमधले बॅकअपही लॉक करतं.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे. प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपल्या बदलांना क्रमांक देतो. समजा, बेळगावातल्या उद्यमबागच्या सर्व्हरने ५००० पर्यंतचे बदल निपाणीला पाठवले आणि मग त्याला स्नॅपशॉटवरून ४८०० वर मागे नेलं. आता नवी खाती ४८०१ पासून नोंदली जातात, पण निपाणीच्या लेखी ते क्रमांक आधीच येऊन गेलेत, त्यामुळे ती खाती तिथे पोचतच नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ किंवा त्यानंतरचा आणि त्याला साथ देणारा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर हा घोटाळा ओळखला जातो. जुन्या मशीनवर तो गुपचूप वाढत जाऊ शकतो, आणि तेच जास्त वाईट.

रिस्टोअर करताना सर्व्हर डीएसआरएम (डिरेक्टरी दुरुस्तीच्या) मोडमध्ये सुरू करावा लागतो. त्याचा पासवर्ड वेगळा असतो, सर्व्हर डोमेन कंट्रोलर बनवताना दिलेला. ऐन वेळी तो कुणालाच आठवत नाही. 'एनटीडीएसयूटिल' या कमांडने आजच नवा ठेवा आणि कागदावर लिहून तिजोरीत टाका. चुकून डिलीट झालेला विभाग परत हवा असेल, तर साधं रिस्टोअर पुरत नाही: दुसरा सर्व्हर 'हे डिलीट झालंय' असं सांगून तो पुन्हा काढून टाकतो. तिथे ऑथोरिटेटिव्ह रिस्टोअरच हवं, म्हणजे परत आणलेली नोंदच खरी असं बाकीच्या सर्व्हरांना मानायला लावणारं. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून रिसायकल बिनची सोयही आहे, पण ती आधी सुरू केलेली असावी लागते.

रिस्टोअरची चाचणी घ्यायचीच, मात्र चालू नेटवर्कची केबल काढलेल्या मशीनवर.