चौथा कोपरा का जुळत नाही?

चौकटीचे तीन कोपरे झकास जुळतात आणि चौथा हटून बसतो. लाकूडकाम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे भोगलेलं असतं. माझ्या पहिल्या चौकटीच्या चौथ्या कोपऱ्यात तर जाड पुठ्ठा सहज सरकला असता. करवत नवी होती, तिच्या कोनाच्या पट्टीवरचा काटा बरोब्बर ४५ अंशांवर होता, फळी कोरडी होती. शेवटी फटीत लांबी (पुट्टी) भरली, वरून रंग दिला आणि तो कोपरा खाली येईल अशा बेताने चौकट टांगली.

त्या फटीचा हिशोब नंतर केला. चौकटीला चार कोपरे, म्हणजे तिरके काप आठ. करवत एकाच बाजूला ४५ वर ठेवून, फळी पालथी करत मी आठही काप घेतले होते. प्रत्येक काप पाव अंशाने चुकला तर चूक दर वेळी त्याच दिशेने साचत जाते आणि आठ कापांत २ अंश होते. फळी ७५ मिलिमीटर रुंद असेल तर तिरक्या सांध्याची लांबी भरते १०६ मिलिमीटर. एवढ्या लांबीवर २ अंश म्हणजे टोकाला सुमारे ३.७ मिलिमीटरची फट. पट्टीवर पाव अंश डोळ्यांना दिसतही नाही. एका रेघेची जाडीच तेवढी असते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ घेताना बहुतेकांची नजर ‘किती रुंद फळी कापते’ या आकड्यावर असते. माझ्या मते तो आकडा नंतर बघायचा. ही करवत रुंदी देते आणि तिची किंमत ताठपणात वसूल करते. हा व्यवहार समजला की निवड बरीच सोपी होते.

आधी यंत्राची ओळख. मायटर सॉ म्हणजे टेबलावर बसवलेली, बिजागरीवर वरून खाली येणारी गोल करवत. टेबलाचा मधला भाग पात्यासकट डावी-उजवीकडे फिरतो, तो मायटरचा कोन. पातं एका अंगाला कलतं, तो बेव्हलचा. दोन्ही कोन एकाच कापात घेता आले की ती कंपाउंड. आणि मोटर-पात्याचं अख्खं डोकं नळ्यांवर पुढेमागे सरकत असेल तर ती स्लायडिंग. १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर पात्याची न सरकणारी करवत साधारण १४० मिलिमीटर रुंदीची फळी कापते. तेच पातं सरकत्या करवतीवर ३०० च्या आसपास जातं. मात्र ४५ अंशांवर हीच रुंदी सातदशांशावर येते, म्हणजे २१० मिलिमीटर. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा सरळ कापाचा असतो.

आता किंमत. डोकं पुढे ओढलं की नळ्या एका टोकाला धरलेल्या काठीसारख्या होतात. अशा काठीच्या मोकळ्या टोकावर तेवढाच जोर दिला, तर तिचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. काठी दीडपट लांब केली की वाक जवळजवळ ३.४ पट. त्यात बेअरिंगचा ढिलेपणा मिसळा. दुकानात करवत बघायची असेल तर मोटर चालू करण्याचा आग्रह नंतर धरा. आधी प्लग काढलेला असताना डोकं पूर्ण पुढे ओढा, खाली आणा आणि मूठ हलक्या हाताने डावी-उजवीकडे ढकलून बघा. पातं किती हलतं ते तिथेच कळतं. सगळ्याच करवती थोड्या हलतात, पण हलणं आणि डगमगणं यातला फरक मनगटाला लगेच समजतो. काही करवतींत नळ्यांऐवजी बिजागऱ्यांचे घडी होणारे बाहू असतात. ते आडव्या दिशेने सहसा अधिक ताठ राहतात आणि करवत भिंतीला लावून ठेवता येते. नळ्या मागे सरकणाऱ्या करवतीला मात्र पाठीमागे हातभर मोकळी जागा लागते, हे घरी आणल्यावर लक्षात येतं.

१२ इंची पात्याचाही मोह असतो. त्यावर न सरकणारी करवतसुद्धा २०० मिलिमीटरपर्यंत जाते आणि जाड लाकूड कापते. पण तेवढ्याच जाडीचं पातं व्यासाने १.२ पट झालं की कडेला सुमारे १.४४ पट जास्त लवतं. रुंद फळ्या क्वचित आणि चौकटी-पट्ट्या रोज असं काम असेल, तर मी १२ इंची न सरकणारी घेईन. कपाटाच्या फळ्या, कप्पे असं काम असेल तर १० इंची सरकती. १२ इंची सरकती करवत सगळं करते, आणि तिला इकडून तिकडे उचलून नेताना पाठ तेवढीच कुरकुरते.

पात्याकडे वळू. कारण करवतीबरोबर येणारं पातं बहुतेक वेळा कामचलाऊच असतं. १० इंची पातं मिनिटाला ५,००० फेरे घेतं असं धरा. दाते ६० असतील तर सेकंदाला ५,००० दाते लाकडातून जातात. ३०० मिलिमीटरची फळी तीन सेकंदांत कापली, तर एका दात्याच्या वाट्याला येतो ०.०२ मिलिमीटरचा पापुद्रा, केसाहूनही बारीक. घाई केली की पापुद्रा जाड होतो, दाते तंतू कापण्याऐवजी उचकटू लागतात आणि कड ओबडधोबड होते. फार रेंगाळलं तर उलटं. दाता कापण्याऐवजी घासत राहतो, उष्णता वाढते आणि कड तपकिरी पडते. त्या डागाला लोक बोथट पात्याचा दोष मानतात. कधी तो असतोही. पण निम्म्या वेळा हात जरा जास्तच जपून चाललेला असतो.

दात्यांच्या संख्येइतकाच त्यांचा कल महत्त्वाचा. फळी उभी चिरण्याच्या पात्याचे दाते २० अंशांपर्यंत पुढे झुकलेले असतात. ते लाकडाला अधाशासारखे आत ओढतात. मायटर सॉवर हे नको असतं. इथे दाते जवळपास सरळ किंवा ५ ते ७ अंश मागे कललेले असावेत, म्हणजे ते स्वतःहून पुढे धावत नाहीत. सरकत्या करवतीला हा नियम दुपटीने लागू, कारण तिचं डोकं धावायला मोकळंच असतं.

कुठल्या दिशेने धावायला? इथे एक मिनिट थांबायला हवं. करवतीसमोर उभं राहिलं की पात्याची आपल्याकडची कड खाली जाते, तळाचे दाते आपल्यापासून दूर, मागच्या आडव्या पट्टीकडे, म्हणजे फेन्सकडे जातात आणि पलीकडची कड वर येते. त्यामुळे लाकूड फेन्सवर दाबलं जातं. आता डोकं आपल्याकडे ओढत कापलं, तर पुढची कड लाकडात वरून घुसते आणि चाक रस्त्यावर चढावं तसं पातं लाकडावर चढून आपल्या अंगावर यायला बघतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: डोकं लाकडाच्या वर उचललेलं ठेवून पुढे ओढायचं, मोटर चालू करून पूर्ण वेग येऊ द्यायचा, खाली उतरवायचं आणि मग फेन्सकडे ढकलत कापायचं. रेमंड डिवॉल्ट यांच्या नावाशी जोडलेला, १९२० च्या दशकात अमेरिकेत आलेला रेडियल आर्म सॉ (वरच्या आडव्या बाहूवर सरकणारी करवत) मात्र ओढत चालवायची रीत होती. त्यावर हात बसलेला माणूस सरकत्या मायटर सॉवर आला की त्याची सवय चुकीच्या दिशेला जाते.

ढकलत कापण्याचा एक तोटाही याच भूमितीत आहे. मागच्या अर्ध्यातले दाते खालून वर येत लाकडातून बाहेर पडतात, त्यामुळे वरच्या पृष्ठभागावर ढलपे उडतात. लॅमिनेट किंवा प्लायवर हे फार डोळ्यांत भरतं. दिसणारी बाजू खाली ठेवली की बरंच निभावतं. कापाच्या रेषेवर चिकटपट्टी लावली तर आणखी थोडं.

आता त्या पाव अंशाकडे परत. करवतीवर छापलेल्या पट्टीवर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघता येतं, पण त्याहून साधी आणि तिखट परीक्षा आहे. दोन्ही कडा समांतर असलेली, २०० मिलिमीटर रुंदीची फळी घ्या. करवत शून्यावर ठेवून मधोमध कापा. आता एक तुकडा तसाच राहू दे आणि दुसरा लांबीच्या अक्षाभोवती पालथा करा, म्हणजे फेन्सला टेकलेली त्याची कड आता तुमच्याकडे येईल. दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कापलेली टोकं एकमेकांना भिडवा. काप काटकोनात असेल तर प्रकाशाची रेघही दिसणार नाही. नसेल तर फट दिसेल आणि ती मूळ चुकीच्या दुप्पट असेल, कारण पालथं केल्यामुळे दोन्ही तुकड्यांची चूक एकाच बाजूला आली. टोकाला १ मिलिमीटर फट असेल तर चूक साधारण ०.१४ अंश. फट फळीच्या रुंदीत नसून जाडीत असेल, म्हणजे वर चिकटलंय आणि खाली उघडं आहे किंवा याच्या उलट, तर बेव्हल बिघडलाय. एका कापात दोन्ही उत्तरं मिळतात. मग फेन्सचे किंवा पट्टीचे स्क्रू ढिले करायचे, किंचित सरकवायचे, पुन्हा कापायचं. दोन-चार फळ्यांचे तुकडे यात जातात. ते जाऊ द्यावेत.

माझ्या चौकटीच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. फेन्सची चूक पाव अंश असेल, तर डावीकडचा ४५ प्रत्यक्षात ४५.२५ असतो आणि उजवीकडचा ४४.७५. प्रत्येक फळीचं एक टोक करवत डावीकडे आणि दुसरं टोक उजवीकडे फिरवून कापलं, तर कोपऱ्यात एक असा आणि एक तसा काप भेटतो आणि बेरीज पुन्हा ९० होते! सांध्याच्या लांबीत मिलिमीटरभराचा फरक उरतो, पण फट मिटते. फळी पालथी करत कापण्याचा माझा शहाणपणाच नडला होता.

दोन्ही कोन एकदम लागतात ते छत आणि भिंतीच्या कोनात बसणाऱ्या नक्षीदार पट्टीसाठी. ही पट्टी भिंतीशी ३८ अंश करून टेकत असेल आणि खोलीचा कोपरा ९० चा असेल, तर ती टेबलावर सपाट ठेवून मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९ लागतो. बऱ्याच करवतींवर ३१.६ ला खटका असतो तो यासाठीच. ३८ च्या साइनची किंमत जितकी, तितक्या टँजंटचा कोन काढला की ३१.६ येतो. पट्टी ४५ अंशांनी टेकत असेल तर आकडे ३५.३ आणि ३०. पण खोल्यांचे कोपरे नेमके ९० चे क्वचितच असतात, त्यामुळे आधी कोपरा मोजावा.

काप कुठे पडणार हे दाखवायला लेसर रेषेपेक्षा एलईडीच्या उजेडात पडणारी पात्याची सावली मला जास्त आवडते. लेसर हलतो, बिघडतो. सावली पात्याचीच असल्यामुळे ती चुकू शकत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण मोठा भाग वर आलाच. १० इंची पात्याची कड सेकंदाला ६६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने धावते. ७०० ग्रॅमच्या अशा पात्यात साठलेली ऊर्जा माझ्या हिशोबाने ८०० ज्यूलच्या घरात जाते. आठ किलोचा दगड दहा मीटरवरून पडताना जमिनीशी येते तेवढी. म्हणून काप संपल्यावर मूठ खालीच धरून ठेवायची आणि पातं थांबल्यावर उचलायची. हात पात्यापासून १५० मिलिमीटर लांब. तेवढी जागा नसेल तर तुकडा शिकंज्याने धरायचा. बाक आलेल्या फळीची फुगीर कड फेन्सला लावायची, नाहीतर काप संपता संपता फळी पात्याला चिमटीत पकडते. सुटून पडणारा तुकडा पातं आणि लांबी ठरवायला लावलेला ठोकळा यांच्यामध्ये कधीही अडकू देऊ नये. आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि त्या पातळीला कानांना दिवसाकाठी १५ मिनिटंच परवडतात. भुसा गोळा करण्यात ही जात एकूणच वाईट, कारण पातं धूळ मागे फेकतं आणि पिशवीत त्यातला थोडाच भाग पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या धुळीला १९९५ पासून माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांमध्ये धरते. व्हॅक्यूम लावा आणि मास्कही घाला.

एवढं सगळं जमून माझी दुसरी चौकट आली ती चारही कोपऱ्यांना बंद. काही महिन्यांनी हवा कोरडी झाली आणि चारही सांधे आतल्या टोकाला केसभर उघडले. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसतं. रुंदी २ टक्क्यांनी घटली की ४५ चा काप ४४.४ वर येतो आणि जिथे बाहेरची टोकं भिडलेली असतात तिथून आत फट उघडते. दमट हवेत लाकूड फुगलं की हीच फट बाहेरच्या टोकाला दिसते. जोडताना बंद असलेला सांधा असा उघडला असेल, तर फेन्सच्या स्क्रूंना हात लावू नये.