कोकोपीट आणि कंपोस्ट: कुंडीत कोणाचे काम काय

गच्चीवर किंवा गॅलरीत कुंड्या लावणारी बरीच मंडळी नर्सरीतून कोकोपीट आणतात, कुंडी त्याने काठोकाठ भरतात आणि खत घातल्याचे समाधान मानतात. काही आठवड्यांनी रोपाची खालची पाने पिवळी पडू लागली की त्याच नर्सरीतून द्रवरूप खताची बाटली आणली जाते. दोन तपकिरी, भुसभुशीत पदार्थांची गल्लत केल्यामुळे हा खर्च दोनदा होतो.

कंपोस्टविषयी फार सांगण्याची गरज नाही. ओला कचरा, पालापाचोळा आणि शेण कुजवून ते होते, हे सर्वांना ठाऊक आहे. रंग आणि वासातला फरक तर पिशवी उघडताच कळतो.

घोटाळा होतो तो पोषणाच्या बाबतीत. कोकोपीट हा नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा आहे. तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो आणि मुळांभोवती हवा खेळती ठेवतो, परंतु थोडेफार पालाश (पोटॅश) सोडले तर झाडाला खाऊ घालण्यासारखे त्यात जवळजवळ काहीही नसते. शिवाय त्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अत्यल्प असल्यामुळे, तो कुजवू पाहणारे जिवाणू स्वतःला लागणारे नत्र आसपासच्या मातीतूनच उचलतात, म्हणजे खत समजून घातलेला पदार्थ झाडाच्या वाट्याचे नत्रही काही काळ अडवून ठेवू शकतो. चांगल्या मुरलेल्या कंपोस्टमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे एक भाग नत्रामागे किती भाग कर्ब ते, साधारण 20 च्या आत आलेले असते, म्हणून ते नत्र अडवण्याऐवजी हळूहळू झाडाला देते. कोकोपीटच्या पिशवीवर ‘सेंद्रिय खत’ असे छापणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

हा फरक ध्यानात आला की पैसे कुठे वाचवायचे हे आपोआप ठरते. कंपोस्ट शक्यतो विकत घेऊच नये. उन्हाळ्याच्या आधी सोसायटीच्या आवारात पडणारा पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा एवढे भांडवल त्याला पुरते. कोकोपीट मात्र घरी करणे बहुतेकांना शक्य नसते, तेव्हा ते विकत घ्यावे, पण दाबलेल्या कोरड्या विटेच्या रूपात. 5 किलोची वीट भिजवल्यावर फुगून साधारण 60 ते 75 लिटर होते, तर ‘रेडी मिक्स’ नावाने किलोवर विकल्या जाणाऱ्या ओलसर पिशवीत आपण बरेचसे पाण्याचेच पैसे मोजतो.

कुंडीत कोकोपीट एक तृतीयांशाहून अधिक घालू नये, हा माझा ठाम आग्रह आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघड्यावर राहणाऱ्या कुंड्यांत ते आणखी कमी असावे, कारण तिथे साचलेल्या ओलाव्याने मुळे कुजण्याचीच भीती अधिक असते. बियांच्या ट्रेमध्ये मात्र ते भरपूर वापरावे, कारण कोवळ्या अंकुराची सुरुवातीची शिदोरी बियांतच असते आणि त्याला हवा असतो तो एकसारखा ओलावा.

स्वस्त विटांमध्ये क्षार असतात, म्हणून भिजवलेले कोकोपीट दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन, पिळून मगच वापरावे. ते सावकाश कुजते, त्यामुळे हंगाम संपल्यावर मुळे वेचून, उन्हात वाळवून पुढल्या वर्षी पुन्हा वापरता येते. कंपोस्ट मात्र कुंडीत खचत आणि संपत जाते, तेव्हा त्याची भर दरवर्षी घालावीच लागते.